चेष्टा

शहाऐंशी सालच्या माघात गारा पडल्या आणि तिगावची शाळा ओस पडली. गारा शाळेवर नव्हत्या पडल्या, संत्र्यांवर पडल्या होत्या. पण मृगबहाराचे फळ गारेने ठेचले की महिनाभर एकेक करून सडत जाते, आणि एक सडके फळ अख्ख्या खोक्याला घेऊन बसते. त्याआधी चांगले फळ निवडून, भरून गावाबाहेर काढायचे होते. तेव्हा बगीच्यांचे ठेकेदार केशवराव यांनी दिसेल तो हात कामाला लावला. मोठ्यांचे हात पुरेनात तेव्हा पोरांचे. शाळा बंद ठेवायची तर सरकारला हुकूम काढावा लागतो. केशवरावांना नुसते खाकरावे लागते.

त्यांच्या आवारात देवीदास खोकी भरत असे. बायको सुशीला फळ निवडत असे आणि गारांपासून पोरगी विजयमालाही त्यांच्यात येऊन बसली होती. पाचवीतली पोर. बापाने हौसेने लांबलचक नाव ठेवले होते, पण तेवढे घ्यायला कोणाला वेळ नव्हता, म्हणून नुसती माला.

खोकी भरणे हे देवीदासचे मूळचे काम नव्हे. आधी तो खोक्यांवर नाव टाकत असे. ठेकेदाराची चिठ्ठी आली की ती वाचायची आणि काळ्या रंगात कुंचला बुडवून फळीवर लिहायचे, दिल्ली, कानपूर, लखनौ. उभ्याने करायचे, मानाचे काम. चौथी शिकलेल्या देवीदासचे अक्षर असे वळणदार की ट्रकवाले थांबून बघत. वाचणे मात्र हळू. एकेक अक्षर तो चणे मोजावे तसे मोजून घेई. एका सकाळी दोन ट्रक एकदम हॉर्न देत उभे राहिले, चार चिठ्ठ्या हातात आल्या, आणि कानपूरचा माल दिल्लीच्या ट्रकात चढला. केशवरावांनी चारचौघांत त्याच्या हातातला कुंचला काढून घेतला आणि म्हणाले, "अबे, तुले वाचता येते, पन गाडी गेल्यावर येते."

लोक हसले. बोलणे नेमके होते, म्हणून टिकलेही. तीन वर्षे झाली तरी आवारात कोणी चिलीम पेटवायला उशीर केला की दुसरा म्हणे, याची बी गाडी गेल्यावर पेटते. देवीदास खाली मान घालून गवत अंथरे आणि फळ लावी. बसून करायचे काम, दुपारपर्यंत कंबरेचा काटा ढिला होतो. पण त्याची कंबर दुखत नसे तेवढे ते वाक्य दुखे.

गारांच्या आठव्या दिवशी मधुकर गुरुजी सायकल ढकलत आवारात आले. गावच्या शाळेचे ते एकटेच गुरुजी.

"देवीदास, पोट्टीले इथं कायले बसवून ठेवलं? बारा मार्चले तिची परीक्षा आहे पांढुर्ण्याले."

"कोनती परीक्षा?"

गुरुजींनी सांगितले. छिंदवाड्याला मुलींच्या राहण्याच्या शाळेत पांढुर्णा आणि सौसर या दोन्ही भागांतून मिळून एक मुलगी घेणार होते. एकच. राहणे, जेवण, कपडे, पुस्तके, सगळे सरकारचे, थेट अकरावीपर्यंत. गुरुजींनी मालाचे नाव देऊन टाकले होते.

"हुशार आहे पोरगी. गणितात तर मलेच पकडते. पण वाचताना ओळीखाली बोट ठेवते अन् ओठ हालवते. तिथं साहेब घड्याळ घेऊन बसतात. एक पान, दोन मिनिटं. दोन मिनिटात वाचलं तर पुढचे सवाल, नाही तर घरी. हिले पाच मिनिटं लागतात."

केशवराव खाटेवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "बापाची गाडी चुकली, पोरीची बी चुकन. खानदानीच हाय ते."

पुन्हा लोक हसले. माला हसली नाही. ती फळ पुसत होती, ते तिने तसेच पुसत ठेवले. स्वतःला हसलेले देवीदासने तीन वर्षे गिळले होते. पोरीला हसलेले त्याला एक मिनिटही गिळता येईना.

"दोन मिनिटं ना?" तो गुरुजींना म्हणाला. "वाचन ते. मी पाहातो."

पाहतो म्हणणे सोपे. शाळा बंद, दिवसभर काम, आणि घरी मालाच्या दोन जुन्या पुस्तकांखेरीज कागदाचा चिटोरा नाही. ती पुस्तके तिला पाठ होती. पाठ असलेले भराभर म्हणणे म्हणजे वाचणे नव्हे, एवढे चौथी शिकलेल्या माणसालाही कळते.

उपाय त्याच्या हाताखालीच निघाला. खोक्याला आतून आधी गवत, गवतावर वर्तमानपत्र, त्यावर फळांचा एक थर, पुन्हा वर्तमानपत्र, पुन्हा थर, अशी भरण्याची रीत. रद्दीचे गठ्ठे नागपूरहून गाडीने येत. रोज शंभर खोकी म्हणजे चारशे-पाचशे पाने मालाच्या डोळ्यांखालून जात होती आणि संत्र्यांखाली गडप होत होती.

"हे पाय," तो तिला म्हणाला. "तू कागद हातर. मी संत्रे ठेवाले लागतो. माह्ये संत्रे अक्षरावर याच्या आंधी वाचून काढाचं. झाकलं का मी विचारन, काय होतं."

पहिल्या दिवशी ती दोन शब्दांपलीकडे जाईना. कागद अंथरला की हात आपसूक अक्षराखाली जाई, तोवर दुसरीकडून बापाचे संत्रे येऊन बोटावर बसे.

"काय होतं?"

"मुख्य..."

"मुख्य काय?"

"झाकलं ना तुमी, बा!"

देवीदास मग थर जरा रेंगाळत लावू लागला. केशवरावांच्या नजरेतून ते सुटले नाही. "काय करून राहिला बे? खोके भरून राहिला का लायब्री लावून राहिला?" तेव्हापासून रेंगाळणे बंद झाले. मग एकच राहिले, पोरीने भराभर वाचणे. ठेकेदाराच्या शिव्या देवीदासला, देवीदासचा हात खोक्याला आणि खोके पोरीला, असा तो रेटा वरून खाली आला.

पाचव्या-सहाव्या दिवशी बोट सुटले. सुटले म्हणजे सोडावेच लागले. एका हाताने कागद धरायचा, दुसऱ्याने गवत दाबायचे, बोट ठेवायला तिसरा हात कुठून आणणार? हात कामात गुंतले आणि डोळे एकटे चालायला शिकले. ओठ मात्र थांबेनात. ते सुशीलाने थांबवले. गारेचा मार लागलेल्या फळाची एक फोड तिने मालाच्या दातांत दिली.

"धरून ठेव. चावली तं संपली, ओठ हालवले तं पडली. पान झालं का खा."

फोडीचा रस गळू द्यायचा नाही आणि वाचायचे. हाताच्या चिरांमध्ये संत्र्याच्या सालीचे तेल जाऊन चुणचुणे, ओठांच्या कोपऱ्यांना फोड आले, बोटे पिवळी पडून त्यांची साल निघायला लागली. रात्री सुशीला त्यावर खोबरेल लावी आणि नवऱ्याला ऐकू जाईल असे बोले, "साहेबीन होईन तवा होईन, आता तं पोट्टीचे हात मजुरनीहून खराब करून ठेवले तुमी."

"मजुरनीचेच हात राहू नये म्हनून तं करून राहिलो ना वं," देवीदास म्हणे.

दोन आठवड्यांत पोरगी बदलली. कागद अंथरता अंथरताच ती वरून खाली नजर फिरवी. संत्री लागेपर्यंत ती मोकळी होऊन बापाच्या हाताची वाट बघत असे.

"काय होतं?"

"वर्ध्याच्या बाजारात कापसाचा भाव उतरला. एका बाईले विंचू चावला, ते वाचली. खाली साबनाची जाहिरात. अन् कोन्या पुढाऱ्याचा सत्कार, त्याचं नाव मोठं हाय, सांगू?"

"राहू दे," देवीदास म्हणे आणि त्याला हसू आवरत नसे. आवारातल्या बायाही आता विचारू लागल्या, माले, ह्या कागदात काय हाय वं. पोरीचे हात फळावर आणि तोंड बातमीवर. नाव टाकणारा पोऱ्या एकदा चिठ्ठीपाशी अडला तर तिने बसल्या जागेवरून उलटी चिठ्ठी वाचून सांगितले, "लखनौ, साठ खोके." केशवरावांनी तेव्हा मान वळवून पाहिले. बोलले काही नाहीत. देवीदासला ते न बोलणे सत्कारासारखे वाटले.

मार्च लागला तसे गुरुजी परीक्षा घ्यायला आले. बांधावर बसून त्यांनी हातातले घड्याळ काढले. देवीदासने तिला रद्दीतले पान दिले. पाऊण मिनिट. गुरुजींचा विश्वास बसेना. दुसरे पान. तेवढेच.

"पण देवीदास, हे मराठी आहे. परीक्षा हिंदीत."

हे देवीदासला माहीत नव्हते असे नाही. भोपाळच्या कारभाराखालच्या या भागात घरात मराठी आणि शाळेत हिंदी हे चालतच आले आहे. माणूस आईशी एका भाषेत बोलतो आणि तहसीलदाराशी दुसऱ्या. त्यात कोणाला काही वाटत नाही.

"अक्षरं तं तेच हाय ना गुरुजी?" तो म्हणाला.

"अक्षरं तेच आहेत."

"मंग?"

गुरुजींनी पिशवीतून हिंदीचे पुस्तक काढून एक पान उघडले. मालाने ते घडाघडा वाचले. एक मिनिटाला दोन सेकंद कमी. गुरुजींनी घड्याळाकडे पाहिले, पोरीकडे पाहिले आणि मांडीवर थाप मारली. वाचलेल्याचा अर्थ त्यांनी विचारला नाही. घड्याळ असे भराभर धावताना अर्थाची आठवण कोणाला होते? देवीदासला तर नाहीच झाली. त्याने त्या दिवशी गुरुजींच्या पिशवीत बारा संत्री टाकली, डाग नसलेली, आणि केशवरावांनी ते बघूनही न बघितल्यासारखे केले.

बारा तारखेला बाप-लेक पहाटेच्या पॅसेंजरने पांढुर्ण्याला गेले. सुशीलाने पोरीची वेणी इतकी घट्ट घातली होती की तिचे डोळे ताणले गेले होते. परीक्षा एका जुन्या इमारतीत होती. आत टेबलाशी भोपाळकडून आलेले साहेब, बाजूला मदतीला दोन मास्तर. त्यांतले एक मधुकर गुरुजी. त्यांनी आज इस्त्रीचा सदरा घातला होता. गुरुजींचेही घर मराठीच, पण शिक्षकाच्या ट्रेनिंगमध्ये त्यांच्या हिंदीला पोरे हसली होती, तेव्हापासून साहेबांपुढे ते शब्द जपून टाकत. वऱ्हांड्यात पंधरा-वीस मुली आणि त्यांचे आईबाप. खिडकीला तावदान नव्हते. देवीदासने खिडकीचा गज धरून जागा पक्की केली.

पहिल्या तीन मुली दोन मिनिटांत पोचल्याच नाहीत. साहेबांनी घड्याळ टेबलावर टकटक वाजवले की त्या रडवेल्या होऊन बाहेर येत. चौथे नाव मालाचे होते.

तिने कागद घेतला, डोळे वरून खाली नेले आणि टेबलावर ठेवला.

"पढ़ो बेटी," साहेब म्हणाले.

"पढ़ लिया."

"ज़ोर से पढ़कर सुनाओ."

तिने मोठ्याने वाचले. कुठे अडखळ नाही, कुठे थांबणे नाही, गावातून एक्सप्रेस जावी तसे वाचन गेले. साहेबांनी घड्याळ उचलून पाहिले. "बावन सेकंड! अरे वाह." त्यांनी खरोखर कौतुकाने पाहिले. मधुकर गुरुजी खुर्चीत जरा उंच झाले. देवीदासच्या हातातला गज ओला झाला होता.

गोष्ट साधी होती. एका गुरूचा एक मंदबुद्धी शिष्य. त्याला काही येत नसे. शेवटी त्याने काहीतरी केले आणि गुरूने त्याला जवळ घेतले, अशी.

"अच्छा बताओ, गुरु अपने शिष्य पर प्रसन्न क्यों हुए?"

मालाला उत्तर येत होते. तिने वेळ घेतला नाही. वेळ न घेण्याचेच तर शिक्षण झाले होते.

"शिष्य ने गुरुजी की बहुत मज़ाक उड़ाई," ती म्हणाली, "तो भी गुरुजी को गुस्सा नहीं आया. गुरुजी का दिल बड़ा था. इसलिए."

खिडकीत देवीदासने मान डोलावली. गोष्ट त्यानेही ऐकली होती आणि त्यालाही असेच कळले होते. उलट, गुरू असावा तर असा, असे त्याच्या मनात आले होते.

"मज़ाक?" साहेबांनी चष्मा काढला. "मज़ाक कहाँ लिखा है?"

मालाने कागदावर बोट ठेवले. महिन्याभरात पहिल्यांदा. "इधर. शिष्य ने बहुत चेष्टा की."

साहेबांना हसू फुटले. साधे नाही, खुर्ची मागे रेलून, पोट धरून. दुसरा मास्तरही हसला. "वाह! शिष्य ने मज़ाक उड़ाया और गुरु ने गले लगाया! ऐसे गुरु हमें तो मिले नहीं, क्यों मधुकर जी?"

मधुकर गुरुजींना सगळे कळले होते. तिच्या घरी, त्यांच्या घरी, या अख्ख्या मुलखात चेष्टा म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होते. एवढे एक वाक्य ते बोलले असते तरी पुरले असते. त्यांचे तोंड उघडलेही. पण त्यातून हसू निघाले. "हें हें, कहाँ मिलते हैं साहब."

खिडकीतून देवीदासने साहेबांना हसताना पाहिले, गुरुजींना हसताना पाहिले. बावन्न सेकंदांचे कौतुक अजून त्याच्या कानांत होते. पोरीने काहीतरी झकास उत्तर दिले आणि साहेब खूश झाले, एवढेच त्याला समजले. आणि तोही हसला. तीन वर्षांत हसला नव्हता तसा, मोठ्याने, गजांतून दोन्ही हात जोडून.

"ये कौन है?" साहेबांनी विचारले.

"लड़की का बाप, साहब," गुरुजी म्हणाले.

मग आत आणखीच हशा झाला. मालाने वळून खिडकीकडे पाहिले.

"पढ़ती तेज़ है, समझती कुछ नहीं," साहेबांनी कागदावर लिहिता लिहिता म्हटले. "तोता है. चलो, अगली."

ती बाहेर आली. देवीदासने तिच्या डोक्यावर हात ठेवला, "जितली ना माही वाघीन!" असे म्हणाला आणि पुढच्या मुली बघायला खिडकीशीच थांबला. माला भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आपले काय चुकले हे तिला कळले नव्हते, पण चुकले एवढे कळले होते.

सातवी मुलगी सौसरच्या एका बाबूची, कुसुम. ती ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचत होती. तिला बघून देवीदासला दयाच आली. अर्ध्या वाटेत ती थांबली आणि तिने मान वर केली.

"सर, यह चेष्टा मतलब क्या?"

विचारायला मनाई नव्हती. कोणी सांगितले नव्हते एवढेच.

"चेष्टा माने प्रयास, बेटी. कोशिश. मेहनत," साहेब मायेने म्हणाले.

पोरीने मान हलवली, बोट पुन्हा ठेवले आणि घड्याळ संपता संपता पान संपवले. दोन मिनिटांना तीन सेकंद कमी. गुरू का प्रसन्न झाले ते तिने बरोबर सांगितले. साहेबांनी तिच्या नावापुढे बराच वेळ काहीतरी लिहिले. मालाचे एक मिनिट आणि आठ सेकंद उरले होते, त्यांचे कोणी काही केले नाही.

देवीदासचा हात गजावरून निघाला. साहेबांनी सांगितलेला अर्थ भिंतीशी उभ्या मालालाही ऐकू आला होता. त्याने पोरीकडे पाहिले नाही. पाहवले नाही.

निकाल तिथेच, दुपारी सांगितला. कुसुम. गुरुजी बाहेर आले तेव्हा देवीदास फाटकाशी उभा होता, माला त्याच्या बाजूला.

"गुरुजी, तुमाले तं मालूम होतं."

"साहेबांपुढं एकदम कसं बोलायचं, देवीदास... मीच शिकवलेली पोरगी. म्हणाले असते, मास्तरालाच हिंदी येत नाही."

"हासता आलं साहेबापुढं?"

गुरुजींनी सायकलचे कुलूप काढायला खाली वाकून घेतले आणि कुलूप निघाले तरी वाकलेलेच राहिले. देवीदास पोरीला घेऊन स्टेशनाकडे निघाला.

तिगावकडे जाणारी पॅसेंजर यायला वेळ होता. फलाटावर उन्हाचा तडाखा होता. देवीदासने शेंगदाण्याची पुडी घेऊन तिच्यापुढे धरली. पुडी हिंदी पेपरची होती. तिने दाणे घेतले नाहीत आणि कागदाकडेही पाहिले नाही.

"बा."

"हं."

"गुरुजी हासले ते समजून हासले. तुमी काऊन हासले?"

देवीदासला खोटे बोलता आले असते. पण पोरगी त्याच्याकडे बघत होती आणि तिला आता माणसाचा चेहराही एका नजरेत वाचता येत होता.

"मले वाटलं तुह्यं बराबर आलं," तो म्हणाला. "साहेब खूश झाले असं वाटलं मले. मलेबी त्याचा अर्थ तोच वाटला, माय."

"तुमालेबी नवतं मालूम?"

"नाई."

"आईले?"

"तिले कायचं मालूम असन."



"म्हंजे आपल्या घरी कोनालेच येत नाई," ती म्हणाली. रागाने नाही बोलली. गणिताचे उत्तर काढून सांगावे तशी बोलली, आणि गणितात ती सहसा चुकत नसे.

त्यानंतर तिने बापाला कधी कशाचा अर्थ विचारला नाही.